नगरपरिषदेने स्वतःचं फायबर टाकावं का? माझं मत: टाकावं, पण नेट विकू नये

माणदेशी:
आमच्या नगरपरिषदेत शहराच्या ब्रॉडबँडचा विषय निघालाय. एक गट म्हणतो खासगी कंपनीला परवानगी द्या आणि मोकळे व्हा, दुसरा म्हणतो आपणच नेट देऊ. मला दोन्ही पटत नाही.

नगरपरिषदेच्या हातात खरी ताकद एकच, ती म्हणजे रस्ता. आज काय होतं, एक कंपनी येते चर खणते, वर मुरूम टाकून जाते, सहा महिन्यांनी दुसरी येते आणि त्याच रस्त्यावर परत खोदाई, पावसाळ्यात तिथेच खचतं. फायबरच्या कामात मोठा खर्च खोदाईचाच असतो, केबल त्यामानाने स्वस्त. मग रस्ता काँक्रीटचा करताना किंवा गटाराचं काम उघडं असतानाच तीन-चार डक्ट (केबल ओढायचे रिकामे पाइप) टाकून ठेवा, त्यातून डार्क फायबर ओढा, म्हणजे नुसती केबल, यंत्रं आणि नेट भाड्याने घेणाऱ्याचं, आणि बीएसएनएल, जिओ, एअरटेल, गावातले केबलवाले, सगळ्यांना एकाच दराने भाड्याने द्या. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकाब नावाची कंपनी काढून हेच केलं, ती घरोघरी नेट विकत नाही, फक्त फायबर भाड्याने देते. आपल्याकडेही डार्क फायबर भाड्याने देण्याची परवानगी (आयपी-१ नोंदणी) वेगळी आणि नेट विकण्याची (आयएसपी लायसन) वेगळी. केरळ सरकारच्या केफॉन या फायबर कंपनीने दोन्ही घेतलं. आपण पहिल्यावरच थांबावं.

एक_करदाता:
साफ विरोध. ज्या नगरपरिषदेला पाणीपट्टी वसूल करता येत नाही ती कंपन्यांकडून भाडं वसूल करणार? आणि परदेशातली उदाहरणं देताय तर पूर्ण द्या. अमेरिकेत युटामधल्या प्रोव्हो शहराने कर्ज काढून आयप्रोव्हो हे फायबरचं जाळं उभं केलं, जवळपास ३.९ कोटी डॉलर. तिथेही शहर स्वतः नेट विकत नव्हतं, दुसऱ्या कंपन्यांना घाऊकच देत होतं, म्हणजे तुमचंच मॉडेल. चाललं नाही. शेवटी २०१३ ला गूगलला १ डॉलरला दिलं आणि कर्जाचे पैसे मात्र लोकांच्या बिलातून जात राहिले. आपल्या घरपट्टीवर हे नको.

माणदेशी:
प्रोव्होचा मुद्दा बरोबर आहे, पण तिथे शहराने कर्ज काढून थेट प्रत्येक घरापर्यंत लाइन नेली, गिऱ्हाईक किती येतील याचा अंदाज चुकला की हप्ते अंगावर. मी कर्ज काढा म्हणतच नाहीये. जो रस्ता तसाही खणला जाणार आहे त्यातच डक्ट, तेवढंच. आणि अमेरिकेतलंच चॅटनूगा शहर पण बघा ना, तिथल्या शहराच्या वीज कंपनीने २०१० ला गिगाबिट वेगाचं नेट दिलं. पण त्यांना सुमारे ११ कोटी डॉलरचं केंद्राचं अनुदान होतं आणि वीजबिलाची यंत्रणा हाताशी होती, म्हणून ते मॉडेल मी इथे सुचवत नाही.

केबलवाला_क:
मी याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. डक्ट मिळाली तर मी उद्या घेईन, खांबावरून लोंबकळणारी केबल वाऱ्यात तुटते, उसाची ट्रॉली अडकून तुटते, आमचा पोरगा रात्री शिडीवर चढून जॉइंट मारतो. पण गल्लीतलं फायबर मिळून माझा अर्धाच प्रश्न सुटतो. मागून बँडविड्थ, म्हणजे बाहेरून गावापर्यंत येणारं नेट, कोण देणार? तालुक्याला एकच जण विकत असेल तर दर तोच ठरवणार. नगरपरिषदेने एक खोली द्यावी, जनरेटरसकट, आणि तिथे निदान दोन कंपन्यांच्या लाइन वेगवेगळ्या रस्त्याने येऊन पोचतील असं करारातच घालावं. ते नसेल तर डक्ट रिकाम्याच राहतील.

ग्रामपंचायत_सदस्या:
दादा, सगळे टाकण्याबद्दल बोलताय, सांभाळण्याबद्दल कोणीच नाही. आमच्या पंचायतीत फायबर आलं, भिंतीवर पेटी बसली, फोटो झाले. नंतर जेसीबीने पाइपलाइनच्या कामात केबल तोडली, ठेकेदार म्हणाला माझी मुदत संपली. पेटीची बॅटरी बसली ती कोणी बदलायची यावरच दोन मासिक सभा गेल्या, दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या बायका तालुक्याला जाऊन आल्या. भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी केंद्राची योजना, तिच्या २०२३ च्या सुधारित रूपात १० वर्षांची देखभाल कंत्राटातच आहे आणि एकेरी लाइनऐवजी रिंग आहे, एक बाजू तुटली तरी दुसरीकडून चालू राहतं. नगरपरिषदेनेही ठेकेदार निवडताना आधी हेच बघावं, किती तासांत दुरुस्ती आणि नाही केली तर बिलातून किती कापायचे. आणि पहिली जोडणी शाळा, दवाखाना, तलाठी ऑफिसला. केफॉनने २० लाख गरीब घरांना फुकट कनेक्शन म्हणून सांगितलं, पहिल्या टप्प्यात १४ हजारच ठरवली. घोषणा नको, आधी चालू राहू दे.

एक_करदाता:
ताईंचं पटलं, म्हणूनच माझा विरोध वाढला. दुरुस्ती, दंड, दोन रस्त्यांनी लाइन, हे सगळं बघायला नगरपरिषदेत माणूस कोण आहे? एकच अभियंता, तो पाणी बघतो, रस्ते बघतो, निवडणूक आली की तिकडे. आणि जमिनीखाली डक्ट कुठून गेली याचा नकाशा कोण ठेवणार? आज पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते जुन्या फिटरला विचारावं लागतं, तो रिटायर झाला की संपलं.

माणदेशी:
नकाशाचं मान्य, ते माझ्या मूळ मुद्द्यात यायला हवं होतं. पुढच्या सभेसाठी निवेदन देतोय, त्यात लिहितो की चर बुजवायच्या आधी डक्टची जीपीएस मोजणी आणि फोटो जमा झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नये. माणसाचा प्रश्न उरतोच. तीन-चार नगरपरिषदांनी मिळून एक टेलिकॉमचा जाणकार पगारावर ठेवता येईल का, कोणाच्या तालुक्यात असं काही झालं असेल तर सांगा.