विंग पॅडलचं पातं लहान की मोठं? गोव्यातल्या पाण्यासाठी तुमचा कौल कुठे?

करंजाळेकाठ:
आमच्यासोबत वल्हवणाऱ्या दोघांनी नुकतीच सर्फ स्कीसाठी (लाटांवर चालवायची लांब, अरुंद, वर बसायची होडी) विंग पॅडलं मागवली. दोघांनीही सगळ्यांत मोठं पातं निवडलं, कारण काय, तर वेग हवा. मला ही निवड चुकीची वाटते, म्हणून हा धागा.

सपाट पातं आपण सरळ मागे ओढतो. पाणी दोन्ही कडांवरून निसटतं आणि जोर लावला की पातं थरथरतं. विंगचं पातं खोलगट असतं, एक कड आत वळवलेली. ते पायाजवळ पाण्यात घालायचं आणि होडीपासून तिरकं बाहेर जाऊ द्यायचं. मग विमानाच्या पंखाला मिळते तशी उचल मिळते आणि पातं मागे फार कमी घसरतं. १९८०च्या दशकाच्या मध्यात हे स्वीडनमधून आलं आणि काही वर्षांतच शर्यतीतल्या कयाकपटूंच्या हातात सगळीकडे दिसू लागलं. पुढे नॉर्वेच्या आयनार रासमुसेन यांनी पात्याला पीळ आणि थेंबासारखा आकार दिला. आजची बरीचशी पाती त्याच वळणाची आहेत.

म्हणजे पकड आकारातूनच मिळते. मग क्षेत्रफळ कशाला वाढवायचं? साधारण ६०० ते ८०० चौरस सेंटिमीटरांत पाती मिळतात. मी वरच्या टोकाकडचं घेतलं होतं. एप्रिलमध्ये दुपारी वायव्येचा वारा धरला की दोनापावलाहून शिरदोणच्या बाजूला लाटा पाठीवर घेत जाता येतं. जुवारीच्या मुखातल्या या लाटा आखूड, एकामागोमाग एक येतात. प्रत्येक लाट धरायला सहा-आठ स्ट्रोक झपाझप मारावे लागतात. मोठ्या पात्याने पहिल्या दहा लाटा मस्त मिळाल्या, नंतर हात जड. चार महिन्यांत उजवा खांदा रात्री ठणकू लागला. लहान पातं घेतल्यावर सुरुवातीला पाण्यात काही लागतच नाही असं वाटलं, पण शेवटच्या तीन किलोमीटरांतही हात त्याच चालीने पडत होते. माझं मत पक्कं आहे: इथे लहानच घ्या.

बेतीचा वल्हेकरी:
भाऊ, तुमचा खांदा दुखला म्हणून सगळ्यांनी लहान पातं घ्यायचं? माझं वजन ९४ किलो. लहान पात्याने स्की जागची हलवताना मला दुप्पट स्ट्रोक मारावे लागतात आणि छाती भरून येते. शिवाय मांडवीत बेतीच्या फेरीबोटीची लाट आडवी आली की पात्यावर भार टाकून सावरायचं असतं. तिथे मोठ्या पात्याचा आधार कळतो. नवख्यांना तर तो आधार जास्तच हवा.

करंजाळेकाठ:
वजनाचा मुद्दा मान्य, ९४ किलोला मी मध्यम पातं सांगेन. आधाराचा नाही. स्ट्रोक चालू असताना पाण्यात असलेलं पातं हाच खरा आधार. नवखा माणूस लाट बघून हात थांबवतो आणि तिथेच उलटतो. जड पात्याने दमलेला माणूस लवकर थांबतो.

खाजनबांध:
मी तर म्हणेन विंगच कशाला? आम्ही कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि चोडणच्या खारफुटीत फिरतो. तिथे होडी आडवी सरकवायची, उलटी घ्यायची, मुळांमधून वळवायची. विंगला फक्त पुढे जायचं कळतं. ते बाजूने ओढायला गेलं की पातं स्वतःच्या मनाने होडीखाली शिरतं. माझ्या मित्राचं कार्बनचं पातं कालवं चिकटलेल्या खडकावर घासलं आणि कडेचा टवका उडाला. फायबरग्लासचं सपाट वल्हं तेवढ्याने मरत नाही.

करंजाळेकाठ:
खारफुटीसाठी तुमचंच बरोबर. मी स्कीबद्दल बोलतोय.

सांजवारा:
दादा, तुम्ही सगळे पात्यावरच अडलात, दांड्याकडे कुणी बघत नाही. मी सपाट पाण्यावर शर्यतीचं कयाक शिकले, तिथे २१६ सेंटिमीटर लांबीचं वल्हं वापरायचे. तेच वल्हं घेऊन स्कीवर बसले तर मलाही खांद्याचा त्रास झाला. मी पातं बदललं नाही. लांबी कमी करत २०९ वर आणली आणि फेदरचा कोन, म्हणजे दोन टोकांच्या पात्यांमधला तिरपा कोन, ६० अंशांवर ठेवला. दांडा आखूड झाला की तेच पातं हलकं लागतं. करंजाळेकाठ, तुम्ही लहान पातं घेतलंत तेव्हा लांबीही बदललीत का?

आकाराबद्दलही बोला. एपिक कंपनीच्या मिडसारखं थेंबाचं पातं आणि जँटेक्स कंपनीच्या गामासारखं जवळजवळ समांतर कडांचं पातं, दोन्ही मी चालवली. थेंबाचं पातं हाताला वाट दाखवतं आणि कमरेपाशी अलगद बाहेर येतं. गामा घातल्या क्षणी घट्ट पकडतं, पण हात मागे रेंगाळला तर पाणी उचलून अंगावर घेतं. ज्याचं कंबरेतून वळणं अजून बसलेलं नाही, त्याने गामा लहान मापातही घेऊ नये असं माझं मत.

बेतीचा वल्हेकरी:
ताई, हे पटलं. माझं २१५ वर आहे, आधी तेच कमी करून बघतो. पातं मात्र मी बदलणार नाही.

करंजाळेकाठ:
सांजवारा, हो, लांबीही २१४ वरून २१० केली होती, त्याच आठवड्यात. खांदा कशाने बरा झाला हे मग मला खात्रीने सांगता येणार नाही, हे कबूल करतो. जुनं मोठं पातं घरी आहे. ते २१० वर लावून महिनाभर चालवतो आणि इथेच लिहितो. बेतीकर, रविवारी सकाळी वारा धरण्याआधी मिरामारला या. माझं लहान पातं तुम्ही घ्या, तुमचं मी घेतो, आणि दोनापावलाच्या टोकापर्यंत जाऊन येऊ.