अडीच वर्षांच्या मुलासाठी स्पीच थेरपी कुठे शोधायची?

उदगीरकर
पुतण्या अडीच वर्षांचा. बेरा तपासणीत (ऐकू किती येतं याची) दोन्ही कानांना ८०-८५ डेसिबल आलंय, म्हणजे बरंच कमी ऐकू येतं. कानामागची ऐकण्याची मशीनं घेतली. विकणारा म्हणतो, रोज घाला, आपोआप बोलेल. खरं आहे का? नसेल तर लातूर जिल्ह्यात थेरपी कुठे मिळेल, आणि माणूस रीतसर शिकलेला आहे हे कसं ओळखायचं?

निशिगंध
आपोआप नाही बोलत. मशीन आवाज पोचवतं, त्याचा अर्थ लावायला शिकवावं लागतं.
आधी डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. सरकारी सोय आहे, १८ वर्षांपर्यंत मोफत. अंगणवाडीत तपासणीला येणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथक तिथली चिठ्ठी देतं. थेरपिस्टचं पद भरलेलं आहे का, हे मात्र फोन करूनच निघा.
पदवी बीएएसएलपी असावी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारातली. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर (नोंदणी) नंबर सरळ मागा, आरसीआयच्या वेबसाइटवर पडताळता येतो. मशीन विकणाऱ्या प्रत्येकाकडे तो असतोच असं नाही.

तिरकट
थेरपी सुरू करण्याआधी एडेड ऑडिओग्राम मागा, म्हणजे मशीन घालून केलेली तपासणी. मशीन घालूनही बोलण्याचा आवाज नीट पोचत नसेल तर आठवड्यातून चारदा थेरपी करूनही हाती काही लागत नाही. तसं निघालं तर कॉक्लिअर इम्प्लांटचं (ऑपरेशनने कानात बसवायचं यंत्र) लगेच विचारा, त्यात वय फार महत्त्वाचं. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतल्या इम्प्लांटचं काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते.
रोज सकाळी सहा आवाज तपासा: म, ऊ, आ, ई, श, स. बाजूला बसा, ओठ दिसू देऊ नका, पण तोंडावर हातही नको, आवाज दबतो. ऐकू आलं की पोराने डब्यात ठोकळा टाकायचा. आवाज ठरावीक तालात काढू नका, मुलं अंदाजाने टाकतात. काहीच ऐकू येत नसेल तर सेल बदला, मोल्डच्या (कानात बसणारा साचा) भोकात मळ आहे का बघा. फक्त ‘स’ ऐकू येत नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञ) सेटिंग तपासून घ्या.

उदगीरकर
धन्यवाद. ऑनलाइन चालेल का? आणि मशीन शिट्टी मारतं म्हणून आजी काढून ठेवतात.

निशिगंध
ऑनलाइन चालतं, पण पोराला मोबाइलवरून ऐकवू नका, ‘स’-‘श’ नीट येत नाहीत. सराव आईने समोर बसून करायचा, थेरपिस्टने बघून सुधारायचं. भांडी घासताना, भाजी निवडताना सरावातली तीच वाक्यं जवळून बोला, पंखा-टीव्ही बंद करून.
शिट्टी बहुधा मोल्ड सैल झाल्याची. या वयात कान वाढतो, तीन-सहा महिन्यांत नवा मोल्ड लागतो. शिट्टी थांबवायला आवाज कमी करू नका, तेवढंच ऐकणं कमी होतं. आजींना सांगा, अंघोळ आणि झोप सोडून मशीन कानातच. रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत, सेल काढून.