वेग दिसतो, पण किल्ल्या कुणाकडे आहेत ते कोण बघतं?

सातरस्ता_नोड :
परवा आपल्या सोलापूरच्या क्रिप्टो गटात एकानं लिहिलं, ‘सोलाना सेकंदाला हजारो व्यवहार उरकतं, इथेरियम पंधराएक, बिटकॉइन सात. विकेंद्रीकरण भाषणापुरतं.’ हे वाचून गप्प बसवेना. (नवख्यांसाठी: ही तिन्ही आभासी चलनांची जाळी. विकेंद्रीकरण म्हणजे हिशेब एका मालकाच्या हाती न राहता अनेक संगणकांवर असणं.)

वेग आहे, मान्य. पण सोलानाच्या व्हॅलिडेटरला, म्हणजे व्यवहार तपासून त्यावर मत देणाऱ्याला, 256 जीबी किंवा त्याहून जास्त रॅमचं यंत्र लागतं, वर प्रत्येक मताला शुल्क. माझा बिटकॉइनचा नोड, म्हणजे सगळा हिशेब तपासणारा प्रोग्राम, जुन्या लॅपटॉपवर चालतो. हिशेब दुसऱ्याच्या शब्दावर न ठेवता स्वतः तपासता येतो. सप्टेंबर 2021 मध्ये सोलाना सुमारे 17 तास ठप्प होतं, 6 फेब्रुवारी 2024 ला पुन्हा पाचएक तास.

टॉवेलवाला :
ती पोस्ट माझीच. मालक, 2021 मध्ये स्वतःच्याच एका वॉलेटातून दुसऱ्यात दोनशे डॉलर हलवायला इथेरियमवर चाळीस डॉलर गेले माझे! सोलानावर अगदी किरकोळ लागतं. नळाला रोज पाणीही न येणाऱ्या गावात घरी नोड कोण चालवणार? आणि त्या फेब्रुवारीनंतर वर्ष उलटलं तरी ते थांबलं नाही, हे का लिहिलं नाही?

सातरस्ता_नोड :
लिहायला हवं होतं. पण बिटकॉइनवाले ब्लॉकच्या (व्यवहारांच्या एका गठ्ठ्याच्या) आकारावरून दोन वर्षं भांडले, 1 ऑगस्ट 2017 ला बिटकॉइन कॅश वेगळं झालं, ते वेग की विकेंद्रीकरण याच मुद्द्यावर. ब्लॉक फुगवला की वेग वाढतो, पण साध्या माणसाला घरी नोड चालवणं परवडत नाही. रोनिन आठवा, एका खेळासाठीचं असंच जाळं. नऊ व्हॅलिडेटर. मार्च 2022 मध्ये पाच किल्ल्या (मंजुरीच्या सहीचे गुप्त आकडे) चोरल्या, साठ कोटी डॉलरच्या वर गेले. पाचातल्या चार किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या.

गिरणीकामगाराचा_पोरगा :
हे वाचून आमची पतसंस्था आठवली. गिरणी सुटल्यावर वडिलांना मिळालेलं सगळं तिथं ठेवलं होतं. कागदावर तेरा संचालक. अध्यक्षाचा मेहुणा, साडू, दोन पुतणे, उरलेले त्याच्या शब्दाबाहेर नसलेले. बहिणीच्या लग्नाला पैसे मागितले तर म्हणे पुढच्या महिन्यात या. असे सहा वर्षं. व्हॅलिडेटर किती ते सांगू नका, एकमेकांचे कोण लागतात ते सांगा.

टॉवेलवाला :
पतसंस्थेचा इथं काय संबंध? सभासद सभेला जात नाहीत, ताळेबंद वाचत नाहीत, मग रडतात. वडील एकदा तरी वार्षिक सभेला गेले होते का?

गिरणीकामगाराचा_पोरगा :
वडिलांवर जायचं नाही. ते सही करायला शिकले तेच चाळिशीत. सभेची नोटीस सभा झाल्यावर घरी यायची. हातात पासबुक होतं, त्यात आकडे बरोबर होते. पैसे नव्हते.

होटगीरोडची_ताई :
माझ्या सासूबाईंची ठेवही अशीच अडकली, वेगळ्या संस्थेत. एजंट रोज दारात यायचा, म्हणून विश्वास. टॉवेलवाले, आधी माफी मागा.

टॉवेलवाला :
शब्द मागे घेतो. चुकलं.
पण इथेरियमचं काय? व्हॅलिडेटर व्हायला 32 ईथर (इथेरियमचं चलन) अडकवावे लागतात. एवढे कुणाकडे आहेत सोलापुरात? म्हणून लोक लिडोत, म्हणजे अनेकांचे ईथर एकत्र करणाऱ्या सेवेत, टाकतात, तिथं केवढा तरी वाटा एकवटलाय. स्वस्त व्यवहारासाठी दुसऱ्या थरावर (इथेरियमवर बांधलेल्या जाळ्यावर) जावं तर तिथला सिक्वेन्सर, म्हणजे व्यवहार रांगेत लावणारा संगणक, बहुतेक ठिकाणी एकाच कंपनीचा. तुमच्यातही मेहुणे आहेतच की.

सातरस्ता_नोड :
लिडोचं खरं आहे, मलाही ते सलतं. सिक्वेन्सरचंही खरं. फरक एवढाच, की आर्बिट्रम या दुसऱ्या थराचा सिक्वेन्सर अडून बसला तरी व्यवहार थेट इथेरियमवरून घुसवता येतो. दिवसभर थांबावं लागेल, पण कुणाची सही लागत नाही.

गिरणीकामगाराचा_पोरगा :
कुणाचीच नाही?

सातरस्ता_नोड :
कुणाचीच नाही. फक्त तुमची.

टॉवेलवाला :
माझे पैसे सोलानावरच राहणार, 2021 चे ते चाळीस डॉलर मी विसरलेलो नाही. पण तो लॅपटॉपवरचा नोड बघायचाय. रविवारी येऊ का?