मदत हवी आहे: ख्रिसमसच्या आठवड्यात आईबाबांसोबत लंडन (२२ ते २७ डिसेंबर)

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरला सकाळी हीथ्रोला उतरतोय, २७ला रात्री परतीचं विमान. आम्ही चौघं: आई (६८, गुडघेदुखी, सलग अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही), बाबा (७२), मी आणि ९ वर्षांची मुलगी. आईबाबा शाकाहारी, अंडंही नाही. हॉटेल ठरायचं आहे. बेत असा: २२ आराम, २३ टॉवर ऑफ लंडन, २४ ब्रिटिश म्युझियम आणि मध्यरात्री चर्च, २५ रोषणाई आणि खरेदी, २६ नॅचरल हिस्टरी म्युझियम. मुलीला बर्फावर स्केटिंग करायचंय. यात काही चुकतंय का?

वाटसरू:
हॉटेल ठरवलं नाहीत हे बरं झालं, कारण २४, २५, २६ हे तिन्ही दिवस फिरवून लावावे लागतील.

२५ला लंडनमध्ये ट्यूब (भुयारी रेल्वे), बस, डीएलआर, ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइन या शहरी रेल्वे, ट्राम यातलं काहीही धावत नाही. देशभरातली रेल्वेही बंद. इंग्लंड-वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं त्या दिवशी उघडायला २००४ च्या कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे खरेदी नाहीच. शिवाय ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), नॅशनल गॅलरी आणि टॉवर ऑफ लंडन हे सगळे २४ ते २६ तीन दिवस बंद असतात. म्हणजे तुमच्या बेतातला फक्त २३चा टॉवर जागेवर आहे.

संग्रहालयं २३ आणि २७वर टाका; २७ला रात्रीचं विमान आहे, अख्खी सकाळ मिळते. २४च्या दुपारपर्यंत जेवढा सण बघता येईल तेवढा बघून घ्या. २५ला फक्त पायी जाता येईल तेवढंच.

म्हणून राहायची जागा हाच मुख्य निर्णय. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता पॅडिंग्टन ते लँकेस्टर गेट हा पट्टा घ्या. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट पॅडिंग्टनला येते, गाडी बदलायची नाही, लिफ्ट आहे, आणि २५ला हाइड पार्क चालत गाठता येतं. पार्क त्या दिवशी उघडं असतं.

पाऊलवाट:
अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. मग मध्यरात्रीच्या प्रार्थनेचं काय? वेस्टमिन्स्टरला जायचं होतं.

नदीकाठ:
आधी एक घोळ टाळा. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल या दोन वेगळ्या वास्तू आहेत. ॲबी संसद भवनासमोर, अँग्लिकन. कॅथीड्रल व्हिक्टोरिया स्टेशनजवळ, विटांचं, कॅथलिक. ॲबीच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला प्रवेश मोफत असतो पण तिकीट आधी काढावं लागतं, ऐनवेळी दारातून आत सोडत नाहीत.

आणि खरी अडचण परतीची. २४ला संध्याकाळपासून गाड्या कमी होत जातात आणि रात्रीच्या बस त्या दिवशी नसतात. प्रार्थना संपते पंचवीस तारखेला, तेव्हा तुमच्याकडे टॅक्सी किंवा पाय. पॅडिंग्टन तिथून साडेतीन किलोमीटरच्या आसपास. सणाच्या रात्री टॅक्सीचं भाडंही चढं असतं आणि रस्त्यावर हात करून मिळेल याचा भरवसा नाही.

माझं मत: मध्यरात्रीचा हट्ट सोडा आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलची दुपारची कॅरलची (नाताळच्या गाण्यांची) प्रार्थना धरा. ती २३ आणि २४ दोन्ही दिवशी असते, मोफत, तिकीट नाही. रांग मात्र कॅथीड्रलला वळसा घालते. तास-दीड तास आधी बाबांनी आणि तुम्ही रांगेत उभं राहा. आईंना उभं राहणं जमत नसेल तर दारावरच्या कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगा. त्या घुमटाखाली सगळी माणसं एकदम गायला लागतात तेव्हा शेवटचा सूर थांबल्यावरही आवाज काही सेकंद वर घुमत राहतो. शब्दांचा कागद हातात देतात, तुम्हीही गा. २३ निवडा, २४ला गर्दीही जास्त आणि परतायची घाईही.

संध्यादीप:
रोषणाईबद्दल. सूर्य चारच्या पाच मिनिटं आधी मावळतो, त्यामुळे रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही. २२लाच, थोडी झोप काढून साडेचारला निघा.

मूळ रस्ता ऑक्सफर्ड सर्कस, रीजंट स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, कोव्हेंट गार्डन, ट्रॅफल्गार स्क्वेअर असा अडीच किलोमीटरचा. आईंसाठी यातला पहिला भाग बसने करा: १३९ नंबरची बस ऑक्सफर्ड सर्कसवरून रीजंट स्ट्रीट उतरून ट्रॅफल्गारपर्यंत जाते. जिना चढवत असेल तर वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा; रीजंट स्ट्रीटवरचे दिव्यांचे, पंख पसरलेले देवदूत अगदी काचेसमोर येतात. पिकॅडिलीजवळ रस्ता वळतो, तिथे ते एकामागे एक रचल्यासारखे दिसतात. बस गर्दीत रखडते, तेच इथे फायद्याचं.

ट्रॅफल्गारचं झाड पाहून मुलगी म्हणेल, ‘एवढंच?’ तिला आधीच सांगा. ओस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी हे झाड ब्रिटनला पाठवतं, दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून. नॉर्वेच्या रीतीप्रमाणे त्यावर फक्त पांढरे दिवे, वरून खाली सरळ ओळींत. रंगीत चेंडू नाहीत. संध्याकाळी झाडाखाली वेगवेगळे गट धर्मादाय संस्थांसाठी कॅरल गातात. पंधरा मिनिटं उभं राहून ऐकाच.

वाटसरू:
प्रवासाबद्दल राहिलंच. तिकिटाऐवजी फाटकावर बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवायचा; एका कार्डावर एकच माणूस. तिघा मोठ्यांना तीन वेगळी कार्डं हवीत. फोनने आत गेलात तर बाहेरही त्याच फोनने. आत फोन, बाहेर प्लास्टिकचं कार्ड असं केलंत तर यंत्र ते दोन अपुरे प्रवास धरतं आणि दोन्हीचं जास्तीत जास्त भाडं कापतं. मुलगी ११ वर्षांच्या आतली आहे, मोठ्यांसोबत तिला ट्यूब आणि बस मोफत. रुंद फाटकातून सोबत न्या. बसमध्ये रोख घेत नाहीत.

२६ला ट्यूब उशिरा आणि कमी धावते, रेल्वे जवळजवळ नसते. नाताळ ते नववर्ष हा रुळांच्या मोठ्या कामांचा काळ, म्हणून २७ला हीथ्रोची गाडी आदल्या रात्री तपासा. एलिझाबेथ लाइन अडली तर पिकॅडिली लाइन हा दुसरा मार्ग.

नदीकाठ:
स्केटिंगसाठी सॉमरसेट हाउस. जुन्या लेखांत नॅचरल हिस्टरी म्युझियमचा रिंक (स्केटिंगचं मैदान) दिसेल, तो २०२२ मध्ये कायमचा बंद झाला. ठरावीक वेळेचं तिकीट असतं, बूट त्यातच. अर्धा तास आधी पोचा, कारण बूट बदलण्यातच वेळ जातो. पातळ पायमोजे घातले तर बूट घोट्याला घासतो, जाड आणि घोट्याच्या वर येणारे घाला. हातमोजे लागतातच, पडल्यावर तळवे बर्फावर घासतात. लहान मुलांना धरायला मिळणारी पेंग्विनसारखी ढकलगाडी मोजकी असते, तिकिटासोबतच मागा.

हाइड पार्कच्या विंटर वंडरलँड या जत्रेलाही आत शिरायचं वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं आणि २५ला ते बंद असतं.

पाऊलवाट:
खूप आभार, सगळं लिहून घेतलं. शेवटचे दोन प्रश्न: आईबाबांचं खाणं, आणि २५ला सकाळी नेमकं काय करायचं?

स्वयंपाकघर:
ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे अंडं आणि दूध चालणारा. आईबाबांसाठी पाकिटावर ‘वेगन’ (अंडं-दूध काहीच नसलेलं) शोधा. ख्रिसमस पुडिंगमध्ये परंपरेने सूएट, म्हणजे गाय-बैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, असते, आणि अंडंही. मिन्स पायमध्ये, ‘मिन्स’ म्हणजे खिमा असला तरी, हल्ली मांस नसतं, मनुका-बेदाण्यांचं गोड सारण असतं, पण त्यातही सूएट असू शकतं आणि ब्रँडी बहुधा असतेच. दारूचं वेगळं वाचा, ‘वेगन’ शिक्क्यात ती येऊ शकते. भाजलेले बटाटे बऱ्याच ठिकाणी बदकाच्या किंवा गाईच्या चरबीत करतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. शॉर्टब्रेड मात्र मैदा, लोणी, साखर एवढ्यावरच होतं. घटक एकदा वाचून निश्चिंत खा.

२५च्या जेवणाला हॉटेलं उघडी असली तरी आगाऊ पैसे भरून ठरलेलंच ताट घ्यावं लागतं. त्यापेक्षा छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, २४ला दुपारी दोनच्या आत भाजी, दूध, ब्रेड आणा आणि वरणभात लावा. संध्याकाळी दुकानं लवकर मिटतात.

संध्यादीप:
२५च्या सकाळी हाइड पार्कमधला सर्पेंटाइन तलाव. नऊ वाजता पीटर पॅन कपची पोहण्याची शर्यत असते, शंभर यार्डांची. पहिला चषक १९०४ मध्ये ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांनी दिला होता. उतरतात फक्त तिथल्या पोहण्याच्या क्लबचे सभासद, बघायला सगळ्यांना मोकळं, पैसे नाहीत. दक्षिण काठावर साडेआठला पोचा. सूर्य उगवतो आठनंतर, म्हणून निघताना अंधुकच असेल. लँकेस्टर गेटहून आईंच्या चालीने अर्धा तास धरा, वाटेत बाकं आहेत पण दवाने ओली असतात, बसायला प्लास्टिकची पिशवी आणि थर्मासमध्ये चहा घ्या. पावसात न भिजणारे बूट घाला. बर्फ पडण्यापेक्षा पाऊस पडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

२६च्या दुपारचं पँटोमाइमचं (मूकनाट्य नव्हे, नाताळातलं विनोदी नाटक) तिकीट आत्ताच बघा. प्रेक्षकांनी ओरडून नटाला सावध करायचं असतं, ९ वर्षांच्या मुलीला याहून छान नाटक मिळणार नाही. आईंसाठी रांगेच्या कडेची खुर्ची मागा, पाय सोडता येतो.