जाळीचा गुणाकार फॅड नाही

जाळी काढून गुणाकार करणं म्हणजे इंटरनॅशनल शाळांचं फॅड, असं कुणीतरी म्हटलं, ते मला काही पटलं नाही. आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथावर १५४५ च्या सुमारास टीका, म्हणजे उलगडून सांगणारा ग्रंथ, लिहिली, बुद्धिविलासिनी, तिच्यात ही पद्धत आहे, कपाटसंधी म्हणतात तिला. म्हणजे फॅड असेल तर पावणेपाचशे वर्षं जुनं!

माझ्या मुलीला उभ्या मांडणीत हातचा कुठे धरायचा हेच कळेना, पाढे पाठ असूनही उत्तर चुकायचं आणि मग रडारड. जाळीत काय होतं की गुणताना हातचा नसतोच, तो शेवटी बेरजेत येतो. २७ गुणिले ४८ घ्या, वर २ नि ७, उजवीकडे खाली खाली ४ नि ८, चार चौकोन, प्रत्येकात तिरकी रेघ, रेघेच्या वर दशक खाली एकक: ०८, २८, १६, ५६. मग उजव्या खालच्या कोपऱ्यापासून तिरक्या पट्ट्यांची बेरीज. ६, मग ५+६+८ म्हणजे १९, त्यातले ९ लिहायचे हातचा १, पुढे १+२+८ आणि हातचा मिळून १२, त्यातले २ लिहायचे हातचा १, शेवटी ० आणि हातचा मिळून १. झाले १२९६. फक्त चौकडीची वही द्या, कोऱ्या कागदावर आमच्या लेकीच्या रेघा अशा काही वाकड्या जायच्या की भलतेच आकडे एकमेकांत मिळायचे. आणि पाढे यायला हवेतच हां, त्यातून सुटका नाही.