पाळणाघरात सकाळचा नाश्ता सव्वासहा ते साडेदहा चालूच राहतो, वेळा कशा बसवायच्या?

भुसावळची_मावशी

नमस्कार मंडळी. भुसावळला घरीच पाळणाघर चालवते, चौथं वर्ष सुरू आहे. सध्या ९ पोरं आहेत, सर्वात लहान ८ महिन्यांचं आणि मोठी साडेचार वर्षांची. मी आणि एक मदतनीस ताई, बस एवढाच स्टाफ. आईबाप बहुतेक रेल्वेतले नाहीतर दीपनगरच्या वीज केंद्रातले, त्यामुळे सगळ्यांची शिफ्ट ड्युटी आणि येण्याची वेळ कोणाचीच एक नाही.

तर होतं असं की पहिलं पोरगं सव्वासहाला झोपेतच खांद्यावर टाकून आणतात, त्याचं काहीच खाल्लेलं नसतं. दोघं सातला येतात, ते दूध-बिस्कीट खाऊन. मग आठला तिघं डबा घेऊन, आणि शेवटची जोडी साडेनऊला, आई म्हणते "मावशी हिने काहीच खाल्लं नाही, बघा ना जरा". म्हणजे मी सव्वासहाला जे पातेलं गॅसवर ठेवते ते साडेदहापर्यंत उतरतच नाही. एकाला पोहे भरवत असते तर दुसरा डबा उघडून बसतो, एकाचा शिरा बघून दुसऱ्याला पोहे नकोसे होतात, आणि ज्याचं सातला खाऊन झालंय तो परत ताटात हात घालतो. बरं मग बारा वाजता वरण-भात वाढला की निम्मे ढिम्म. दीड वर्षाचा एक तर घास गालात धरून बसतो, अर्धा तास! काल त्याला झोपवताना बघितलं तर गालात अजून पोहेच, ते पण सकाळचे. जीवच गेला माझा.

तुम्ही कोणी चालवत असाल तर वेळा कशा ठेवल्या? डबे बंद करून सगळ्यांना माझ्याकडचाच नाश्ता द्यावा का? आणि पालकांना सांगायचं कसं, एकालाही वाईट वाटायला नको.

जळगाव_पाळणाघर

ताई मी ११ वर्षं चालवलं, आता गुडघ्यांमुळे बंद केलं. तुमचा घोटाळा पदार्थाचा नाहीच मुळी, सकाळभर चरण्याचा आहे. लहान पोराचं पोट मुठीएवढं, त्याला दर अडीच-तीन तासांनी लागतं हे खरं, पण मधल्या वेळात तोंड बंद राहिलं तरच भूक लागते ना. दर अर्ध्या तासाला काहीतरी पोटात जात असेल तर बारा वाजता ते काय जेवणार.

माझ्याकडे असं होतं. सातच्या आत येणाऱ्याला फक्त अर्धा कप दूध नाहीतर अर्धं केळं, एवढंच, नाश्ता नाही. सव्वाआठला सगळ्यांचा नाश्ता एकत्र, पावणेनऊला ताटं उचलायची. पोराने खाल्लं नाही खाल्लं, उचलायची, चेहरा न पाडता. दहाच्या सुमारास फळ, ते पण थोडंसंच, आणि पावणेबाराला जेवण. नऊनंतर येणाऱ्याने घरून खाऊन यायचं, खाऊन आलं नसेल तर दहाच्या फळासोबत त्याला मुठभर काहीतरी जास्त. पहिले ४-५ दिवस रडारड होते, मग पोटालाच घड्याळ कळतं.

बिस्कीट मात्र दारातच अडवा. साडेसहाला दोन बिस्किटं आणि बाटलीभर दूध पोटात गेलं की आठला पोहे कोण खाणार? माझ्याकडे एक पोरगी दिवसाला पाऊण लिटर दूध प्यायची, आईला वाटायचं पोरगी धष्टपुष्ट आहे. पांढरीफटक दिसायला लागली तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी. वर्ष झाल्यावर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरे, त्याच्या वर गेलं की बाकी जेवण जात नाही आणि लोह कमी पडतं.

आणि दाराशी एक पाटी टांगा. आणणाऱ्याने तीन गोष्टी लिहायच्या, किती वाजता उठला, काय खाल्लं, कधी खाल्लं. तोंडी सांगितलेलं राहत नाही हो, त्यांना गाडी गाठायची असते आणि आपल्या हातात दुसरं पोर असतं.

शहादा_सेविका

मी अंगणवाडीत आहे, नंदुरबार जिल्हा. आमच्याकडे ३ ते ६ वर्षांच्या पोरांना सकाळचा नाश्ता आणि नंतर गरम ताजा आहार असा दोनदा मिळतो. मी सांगते ते पंगतीचं. एकेकटं भरवलं तर जे पोर तोंड फिरवतं तेच पोर रांगेत बसवलं की शेजारच्याच्या ताटात बघून खातं. घरी आई म्हणते काहीच खात नाही, इथे परत मागतं. म्हणून वरच्या ताई म्हणताहेत ते एकत्र बसवायचं बरोबर आहे. लहान ताटली, दोन चमचेच वाढायचं, हवं असेल तर परत. भरलेलं ताट बघूनच पोर दमतं.

गालात घास धरणाऱ्याला बहुतेक भूकच नसते, तुम्ही भरवता म्हणून तो घेऊन ठेवतो. त्याच्या हातात द्या, सांडू द्या. आणि झोपवायच्या आधी तोंडात बोट फिरवून बघाच बघा, रोज. पोह्यातले शेंगदाणे काढा, नाहीतर कूट करून घाला. अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं ४-५ वर्षांच्या आतल्या पोराला नकोच, श्वासनलिकेत जातं. आपल्याकडे आजोबा लोक कौतुकाने भत्ता (मसाल्याचे मुरमुरे) भरवतात पोरांना, त्यातले दाणे-फुटाणे बघून माझ्या पोटात गोळाच येतो.

८ महिन्यांच्या बाळाला या वेळापत्रकात ओढू नका. त्याचं मुख्य अन्न अजून आईचं दूधच, वरचं खाणं दिवसातून २-३ वेळा. ते झोपेतून उठेल तसं.

धुळ्याची_आई

मी दुसऱ्या बाजूने बोलते, राग मानू नका. माझी सातची बस असते, पोरगा दोन वर्षांचा. पहाटे साडेपाचला उठून पोळी-भाजी करते, त्याला सहाला उठवलं तर तो डोळेच उघडत नाही, खाणार काय? "घरून खाऊन आणा" हे पाटीवर लिहायला सोपं आहे. एका पाळणाघरात मला चार लोकांसमोर ऐकवलं होतं की "आईला पोराला दोन घास घालायला वेळ नाही", मी बसमध्ये पूर्ण रस्ता रडले. तिथून काढलाच त्याला.

आता जिथे ठेवते त्या काकू नाश्त्याचे महिन्याला ४०० रुपये वेगळे घेतात, मी आनंदाने देते. डबा नाही, बिस्कीट नाही, आठवड्याचा नाश्ता रविवारीच व्हॉट्सॲपवर टाकतात. सोमवारी पोहे, मंगळवारी भाकरी दुधात कुस्करून, मग उपमा, धिरडं, नागलीची पेज असं काही. म्हणून म्हणते, फुकट करू नका आणि टोमणा पण मारू नका, पैसे सांगा. माझ्या सासूबाईंना मात्र पटत नाही, येताना पिशवीत पुडा टाकतातच, "पोऱ्याले भूक लागी जाई व माय". काकूंनी सरळ एक स्टीलचा डबा ठेवलाय, त्यात सगळ्यांचे पुडे जमा, संध्याकाळी घरी जाताना परत. भांडण नाही, काही नाही.

नर्सबाई_चोपडा

थोडक्यात सांगते, ड्युटीवर आहे. डब्यांबद्दल कोणी बोललं नाही. सहाला भरलेला डबा नऊला उघडताय, तोही आपल्या एप्रिल-मेमध्ये! शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर नको, आणि पारा ३२ च्या वर असेल तर एक तास. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ पर्यंत जातो, ३२ तर सकाळीच गाठतो. दुधातला शिरा, दहीभात, उकडलेलं अंडं हे डब्यात नकोच, त्यापेक्षा तुमच्याकडचं ताजं द्या. पावडरचं दूध बाळाने तोंडाला लावलं की तासाभरात संपलं नाही तर फेकायचं, परत गरम करून द्यायचं नाही. एक वर्षाच्या आत मध नाही, चाटवायला पण नाही. आणि कोणाला दाण्याची, अंड्याची, दुधाची ॲलर्जी आहे का ते लिहून घ्या, तोंडी नको.

भुसावळची_मावशी

सर्वांचे आभार, दहा दिवस करून बघितलं म्हणून आता लिहिते.

डबे बंद केले, नाश्त्याचे ३५० सांगितले. बहुतेक घरांनी लगेच हो म्हटलं, मीच उगाच घाबरत होते. एकांनी घासाघीस केली, बाळवाल्यांचा प्रश्नच नव्हता. सव्वाआठ माझ्याकडे जमेना कारण आठवाले येऊन चपला काढेपर्यंत आठ वीस होतात, म्हणून साडेआठ ठेवलं. चटई टाकते, ताटल्या मांडायचं काम साडेचार वर्षांच्या बाईसाहेबांकडे दिलंय, त्या कोणी उठलं की हात धरून परत बसवतात, माझ्यापेक्षा जास्त वट आहे त्यांचा. सव्वासहावाल्याला अर्धं केळं देते. केळ्याला काय, रावेरकडून एका पोराच्या घरून फणीच्या फणी येते, विकत घ्यायची वेळच नाही.

पाटी निम्मेच लोक लिहितात. एका बाबांनी तीन दिवस "सर्व ठीक" एवढंच लिहिलं, अहो ठीक काय, खाल्लं काय ते लिहा!

गालात घासवाला आता स्वतःच्या हाताने खातो, म्हणजे चटई खाते निम्मं. पण बारा वाजता वरण-भात जातोय, काल तर परत मागितला. झोपताना तोंडात बोट फिरवायचं ठरलंय, त्याने परवा चावलं मला कचकन.

साडेनऊवाल्या जोडीचं मात्र जमलं नाही. आई खरंच नाईट करून येते, तिला खाऊन आणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सध्या दहाच्या फळाबरोबर त्या दोघींना छोटी भाकरी आणि तूप देते, पण ते बघून बाकीचे पण हात पुढे करतात आणि परत तेच सुरू. त्यांना वेगळ्या खोलीत बसवू की सगळ्यांनाच चतकोर देऊन जेवण साडेबारावर ढकलू?

जळगाव_पाळणाघर

वेगळ्या खोलीत नको, दार वाजवून वाजवून जीव खातील. सगळ्यांना चतकोर द्या, फळ अर्धं करा, जेवण सव्वाबारा. साडेबारापर्यंत नेलंत तर ताटातच झोपतील. भाकरी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) करता का? पोरांना बिनमिरचीच्या भरताबरोबर देऊन बघा, माझ्याकडे चाटूनपुसून जायची.

भुसावळची_मावशी

कळण्याचीच करते ताई, पण भरीत त्यांना देईपर्यंत मदतनीस ताई आणि मीच संपवतो. उद्या जास्त वांगी भाजते.