संडास तुंबला की एकाच पोराले बादली देतात, काय करता येईल?

रानवाट: राजेहो, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, नाव नाही टाकत. शेजारच्या पोराचे बाबा लोकायचे संडासाचे टाके उपसतात, हातमोजे नाही का बूट नाही, पायजमा खोचून तसेच उतरतात. पोरगं सहावीत हाय. शाळेतला संडास तुंबला का सर यालेच बादली न् खराटा देतात, "तुले येते ना, तुह्या घरचंच काम हाय" म्हणतात सगळ्यायसमोर. आता सकाळ झाली का पोट दुखते म्हणते. मी बोलाले गेली तर म्हणे श्रमदान हाय. तक्रार केली तर नाव काढतीन म्हणून माय भेते. खरंच काढू शकतात का?

कापूसकाठ: नाही काढता येत ताई. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, त्याचं कलम १६ वाचा, आठवी होईपर्यंत शाळेतून काढताच येत नाही. कलम १७ नं मानसिक छळावरही बंदी आहे. श्रमदान असतं तर सगळ्या वर्गाच्या पाळ्या लागल्या असत्या, बापाच्या कामावरून एकच पोरगं निवडणं हा सरळ छळ आहे, मला तर वाचूनच संताप आला. तोंडी बोलू नका, शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी, दोघांना लेखी द्या, पोच घ्या. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन फुकट लागतो.

जुना लिपिक: अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, पहिली ते दहावी, घरून शाळेत जाणाऱ्याला वर्षाला ३,५०० रुपये. उत्पन्नाची अट नाही. बाबांच्या कामाचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्या, अर्ज शाळेमार्फतच जातो.

रानवाट: त्यायच्यापाशी जातीचा दाखला नाही, आजोबा हरियाण्यातून आलेले, १९५० च्या आधीचा इथला पुरावा मागतात, कुठून आणावा? न् माय म्हणते दाखल्यावर बाबाचं काम लिहिलं तर पोट्टे अजून चिडवतीन.

जुना लिपिक: या शिष्यवृत्तीला जातीची अट नाही, कामच बघतात. मायचं म्हणणं खरं आहे, यादी वर्गात मोठ्यानं वाचणारे मास्तर मी पाहिलेत. कागद वर्गशिक्षकाकडे देऊच नका, मुख्याध्यापकांच्या हातात द्या, आणि नाव वर्गात पुकारू नका असं अर्जातच लिहा.

कापूसकाठ: बाबांचंही बघा. साधनं न देता टाक्यात उतरवणं हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो उतरवणाऱ्याचा, उतरणाऱ्याचा नाही. हे त्यांना नक्की सांगा, पुष्कळांना वाटते आपल्यालाच पकडतील.

रानवाट: बाबाले आज रात्रीच सांगतो. सोमवारी मायले घेऊन पंचायत समितीत जातो, अर्ज लिहून इथं टाकीन, कलमं बरोबर हायेत का पाहून द्या.